थंब नावाचा प्रोग्रॅम

५ मे, सोमवार

दोन वर्षं कपाटात पडलेली ही डायरी आज उघडली. या महिन्यात मी काहीतरी करून दाखवणार आहे आणि त्याचा पुरावा माझ्याकडे असलेला बरा. आमच्या कंपनीत दुसऱ्याचं श्रेय घ्यायला माणसं कमी नाहीत.

झालं असं, की आम्ही अंबडला गाड्यांसाठी पत्र्याचे भाग प्रेसवर ठोकून देतो. ज्या मोठ्या कंपनीला ते जातात तिच्याकडून तेवीस तारखेला तपासणी आहे. दरवर्षी ते मशीन बघतात, या वेळी मशीनशेजारचे कॉम्प्युटर बघणार आहेत. त्यावर जो जो प्रोग्रॅम चालू आहे तो कुठल्या पॅकेजमधून आला, कुणी दिला आणि काय करतो, याची यादी त्यांना हवी आहे. ज्याचा ठावठिकाणा लागणार नाही तो काढून टाका, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय.

गांगुर्डे सर, म्हणजे आमचे प्लँट हेड, ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. चेहरा असा, की जणू मीच पाठवलंय. जमेल का विचारत होते. मी म्हटलं, अडीच आठवडे पुष्कळ झाले. कॉम्प्युटरचं खातं माझ्या एकटीचं आहे, पण एकटी पुरते.

काम मुळात सोपं आहे. एखादं पॅकेज बसवलं की त्याच्याबरोबर पन्नास फायली येतात आणि कॉम्प्युटर नोंद ठेवतो, ही फाइल अमक्या पॅकेजची. चालू प्रोग्रॅम कुठल्या फाइलमधून उठलाय ते बघायचं आणि नोंदीला विचारायचं, ही कुणाची? लग्नकार्य उरकलं की आई शेजारपाजारची भांडी अशीच परत करायची. बुडावर कोरलेलं नाव वाचायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं.

७ मे, बुधवार

चार प्रेस, चार कॉम्प्युटर, एकशे सत्त्याऐंशी प्रोग्रॅम. दोन दिवसांत एकशे शहाऐंशींचे मालक सापडले. दोन नंबरवर पत्त्यांचा खेळ चालू होता. त्याचं पॅकेजही सापडलं आणि खेळणाराही. नाव लिहीत नाही, बिचाऱ्याने लगेच चहा पाजला.

एक उरला, चार नंबरच्या प्रेसवर. नाव इंग्रजी अक्षरांत: टी, एच, ए, एम, बी. नोंदीला विचारलं तर उत्तर आलं, ही फाइल कुठल्याही पॅकेजची नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे हाताने आणून ठेवलेल्या गोष्टीच असतात. म्हणजे कुणीतरी पॅकेजबिकेज न करता नुसती फाइल ठेवली, कॉम्प्युटर चालू झाला की तीही चालू होईल अशी सोय केली आणि तो गेला.

दहा मिनिटांत उलगडलं. थंब! आमच्याकडे पूर्वी अंगठा लावून हजेरी होती. 'थंब मारला का', 'माझा थंब घेत नाही', हेच दिवसभर चालायचं. कोविडमध्ये ते मशीन काढलं, आता चेहरा दाखवतो. ते बसवणारा माणूस त्याचं काहीतरी मागे विसरून गेलेला दिसतो. स्पेलिंगसुद्धा धड नाही, यूच्या जागी ए. हसू आलं.

८ मे, गुरुवार

काही काढण्याआधी जुन्या माणसाला विचारावं, हा माझा नियम. सावळीरामकाका खैरनार आमचे इलेक्ट्रिशियन, इथे एकतीस वर्षं झाली त्यांना. कंपनीतली प्रत्येक तार त्यांना नावाने ओळखते. आज ते मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होते. निकिताचं लग्न चौदाला पिंपळगावला आहे. ती इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला आहे, आणि हे सांगताना काकांचा आवाज एक सूर वर जातो.

पत्रिका घेता घेता मी मुद्द्याचं विचारलं.

"काका, चार नंबरला ते थंबचं जुनं आहे, ते काही लागतं का हो आता?"

"थंबचं? नाय मॅडम, ते कधीच बंद पडलं. काढून टाका खुशाल."

झालं. काकांना बारापासून एकोणीसपर्यंत रजा आहे. जाताना म्हणाले, मी नसताना चार नंबरच्या मागच्या बाजूला जरा लक्ष असू द्या. सगळ्यांच्याच कामात लक्ष घालायची सवय आहे त्यांना. मी बरं म्हटलं.

१० मे, शनिवार

गांगुर्डे सरांचं नवीन दुखणं. चार नंबरचा प्रेस पाळीत तीन-चार वेळा आपोआप थांबतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. पाच मिनिटं जातात, पुन्हा चालू करावा लागतो. मागच्या बाजूला कातरण ओढणाऱ्या बायका याच्यावर हसतात. नवसाबाई म्हणाली, "चार नंबर लय लाजरी हाय, बाईमाणूस जवळ गेलं का थांबती."

नवसाबाई मूळची सुरगाण्याकडची, चुंचाळ्याला राहते, कंत्राटदारामार्फत येते. प्रेसच्या मागे बाहेर पडलेले पत्र्याचे तुकडे लोखंडी आकडीने ओढून काढायचे, हे तिचं काम. बोलणं गमतीचं असतं तिचं. मी सरांना म्हटलं, यादी संपली की बघते.

१२ मे, सोमवार

सकाळी चार नंबरवरचा थंब काढला. आधी बंद केला, मग फाइल उचलून माझ्याकडच्या डिस्कवर ठेवली. प्रत न ठेवता मी काही काढत नाही, आपली शिस्त आहे. यादीत त्याच्यापुढे लिहिलं: जुन्या हजेरी मशीनचा अवशेष, आता गरज नाही, काढला.

मुदतीच्या अकरा दिवस आधी यादी पूर्ण. पुण्यात असते तर या कामाला पाच जणांची टीम दिली असती आणि सहावा त्यांच्या मीटिंगा लावत बसला असता. संध्याकाळी कॉलेज रोडला जाऊन स्वतःला आइस्क्रीम खिलवलं.

१५ मे, गुरुवार

आज फारच बरं वाटतंय. सोमवारपासून चार नंबर एकदाही थांबला नाही. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि पेढे मागवले. मी म्हटलं, थंबचाच प्रताप होता.

कसं ते मी असं समजावलं: प्रेसच्या ज्या तारेवरून कॉम्प्युटर मशीनशी बोलतो, तीच तार हा जुना प्रोग्रॅम अडवून बसला होता, म्हणून मधूनच बोलणं तुटायचं. मी हे तपासलेलं नाही, पण दुसरं काय असणार? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

काल निकिताच्या लग्नाला जायचं राहिलं याची चुटपुट लागलीय. काका आले की घरी जाऊन अहेर देईन.

१६ मे, शुक्रवार

दुपारी चार नंबरला अपघात होता होता टळला. नवसाबाईची आकडी आतल्या कातरणीत अडकली, तिने सोडली नाही, हात आत गेला, वरून प्रेस आला आणि आकडी पापडासारखी चपटी झाली. बाईने शेवटच्या क्षणी हात मागे घेतला. खरचटलंसुद्धा नाही, पण बराच वेळ ती भिंतीला टेकून बसली होती.

पुढून हात घालणाऱ्यासाठी कंपनीचं संरक्षण आहे, मागून नाही. मागून हात घालायचाच नसतो, असा नियम आहे. त्यामुळे सुपरवायझरने निष्काळजीपणाबद्दल तिला लेखी ताकीद दिली. अशी आणखी एक मिळाली की कंत्राटदार घरी पाठवतो. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, मी जवळच होते म्हणून.

ती हात जोडत होती. "माझंच चुकलं मॅडम. मला वाटलं थांबल. सोमवारपासून थांबंना ती."

मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, मशीनवर असा भरवसा टाकू नये. शहाणपणा शिकवायला काही लागत नाही.

१७ मे, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत त्रिमूर्ती चौकात उभी होते. शुभांगी, माझी धाकटी बहीण, डबा घेऊन मागून येत होती, मी विसरले होते म्हणून. तिचा मेसेज आला. आम्ही दोघी फोनवर मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत, सगळेच लिहितात तसं. 'थांब, आलेच.' पहिला शब्द: टी, एच, ए, एम, बी.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. शुभांगीने डबा हातात दिला तरी मला कळलं नाही.

तो थंब नव्हताच. थांब होता. स्पेलिंग चुकलेलं नव्हतं, लिहिणाऱ्याने मराठी लिहिलं होतं आणि मी ते इंग्रजी वाचलं. काकांना मी तोंडाने 'थंब' विचारलं, त्यांनी 'थंब'चंच उत्तर दिलं. प्रेस बिघडून थांबत नव्हता. मागून बाईचा हात आत गेला की कुणीतरी त्याला थांबवत होतं, आणि मी त्या कुणालातरी काढून टाकून पेढे खाल्ले.

बसमधून उतरून पळतच चार नंबर गाठला आणि आधी मशीन बंद करायला लावलं. मागे वाकून बघितलं. चौकटीला, गुडघ्याच्या उंचीवर, दोन लहान सेन्सर समोरासमोर लावलेले, तार रंग देऊन लपवलेली. फाइल परत जागेवर ठेवली, चालू केली. रिकामा प्रेस चालवला आणि मागून झाडूचा दांडा आत सरकवला. प्रेस वरच थबकला. मी पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा तो थांबला.

गांगुर्डे सरांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. आधी घाबरले, मग हिशोबी झाले. म्हणाले, परत बसवलंस ना, मग विषय संपला. यादीत हजेरीचंच राहू दे. घरी बनवलेलं असलं काही दाखवलं तर आपण नापास. ताकीदही राहू दे, बाईने हात घातलाच होता ना? एवढं बोलणारी मी, गप्प बसले. ताकिदीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, याची मला लाज वाटते.

२० मे, मंगळवार

काका आज रुजू होणार, म्हणून पहिल्या पाळीच्या आधीच गेले. फाटकावर गाठावं असं ठरवलं होतं. पण ते माझ्याही आधी आत गेलेले.

चार नंबरच्या मागे सापडले. प्रेस रिकामा चालू होता आणि काकांनी बाही दुमडून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला होता. प्रेस वर थांबलेला. त्यांनी हात काढला, मला बघितलं आणि हसले. पेढ्यांचा पुडा आणलाय म्हणाले.

मी विचारलं, हे काय करताय. रोज करतो, म्हणाले. सहा वर्षं झाली, पाळी सुरू व्हायच्या आधी रोज एकदा.

"काठी का नाही घालत, काका?"

"बाया काठी नाय घालत मॅडम, हात घालत्यात."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच एकदा हाताची बाही खाली केली, बटण लावलं, पुन्हा काढलं. शनिवारी शुभांगीचा मेसेज आला नसता, मी डबा विसरले नसते, तर आज सकाळी पावणेसातला हा हात याच प्रेसमध्ये गेला असता आणि प्रेस थांबला नसता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी इथेच गोजराबाई नावाच्या बाईची दोन बोटं गेली. तेव्हाही ठरलं, की मागून हात घालायचाच नव्हता. काकांना ते काही पटेना. त्यांनी सेन्सर बसवले, निकिताने डिप्लोमाला असताना प्रोग्रॅम लिहून दिला. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी होकार दिला, पुढे ते नोकरी सोडून गेले. नाव निकितानेच ठेवलं. "मराठीत लिही म्हणलो व्हतो तिला. तिथं मराठी चालत नाय म्हणाली." मला कुणी विचारलं नाही म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, असंही म्हणाले, पण मला दोष देण्याचा सूर त्यात नव्हता. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

२१ मे, बुधवार

यादी दुरुस्त केली. प्रोग्रॅम: थांब. पॅकेज: कुठलंही नाही. कुणी दिला: सावळीराम खैरनार, इलेक्ट्रिशियन, आणि निकिता खैरनार. काय करतो: मागून हात आत गेला तर प्रेस थांबवतो. शेरा: बारा ते सतरा मे या काळात चुकीच्या समजुतीने काढलेला होता, काढणारी हर्षाली.

कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. म्हणाले, तू आपलं नुकसान करतेयस. मी म्हटलं, सर, ही यादी मी केली आहे, खाली माझं नाव आहे, आणि माझ्या यादीत खोटं जाणार नाही. हवं तर दुसऱ्याकडून करून घ्या, पण त्याला ती दोन दिवसांत जमणार नाही. हे शेवटचं वाक्य उगाच होतं. पण खरं होतं. सरांनी पेन काढलं आणि सही केली.

२३ मे, शुक्रवार

तपासणीला एक शांत बाई आल्या होत्या. एकशे शहाऐंशी ओळींवरून त्यांची पेन्सिल सरसर गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. त्यांनी मशीन दाखवा म्हटलं. काकांनी सेन्सर दाखवले, कसे जोडले ते सांगितलं. त्यांनी दहा प्रश्न विचारले, काकांनी दहाही प्रश्नांची उत्तरं दिली.

निकाल असा: माणसाचा हात वाचवणं एकट्या कॉम्प्युटरवर सोपवता येत नाही, तो कधीही बंद पडू शकतो किंवा कुणी तो बंद करू शकतं. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची माणुसकी. मागच्या बाजूला रीतसर संरक्षण बसेपर्यंत चार नंबर बंद. महिन्याभराने पुन्हा तपासणी. नापास नाही, पासही नाही. सरांनी सुस्कारा टाकला, पण काम हातचं गेलं नाही, एवढं त्यांना कळलं असावं.

जाताना त्या बाई म्हणाल्या, अशा याद्यांमध्ये शेवटची ओळ सहसा कोरी असते. मी म्हटलं, माझ्या याद्यांमध्ये नसते.

२ जुलै, बुधवार

चार नंबर आज पुन्हा सुरू झाला. मागे नवीन संरक्षण बसलंय, थेट मशीनच्या वायरिंगमध्ये, कॉम्प्युटर असो वा नसो. काकांनी ते बसवणाऱ्यांच्या डोक्यावर बसून बसवून घेतलं. निकिताचा प्रोग्रॅम आता नुसती नोंद ठेवतो, किती वेळा थांबला त्याची. मी त्याचं रीतसर पॅकेज केलं. यापुढे कुणीही विचारलं, ही फाइल कुणाची, तर कॉम्प्युटर बापलेकीचं नाव सांगेल. रोजची चाचणी लाकडी दांड्याने करायची, हात घालायला मनाई, असा फलक लावलाय. फलक वाचून काकांनी दांडा स्वतः रंधा मारून आणला.

ताकीद रद्द करून घ्यायला मात्र महिना लागला. रद्द करायची तर कारण लेखी हवं, असं ऑफिसने सांगितलं. मी दिलं. त्याची प्रत आज हातात पडली आणि ती घेऊन मी मशीनच्या मागे गेले. नवसाबाई नवी आकडी घेऊन उभी होती, पण मशीनपासून चार पावलं लांब. एवढे दिवस ती मला टाळत होती, म्हणजे खरं तर मी तिला टाळत होते. आपण निष्काळजी आहोत, हे तिने पक्कं धरलं होतं.

कागद पुढे केला तर म्हणाली, मला वाचता येत नाय, तुम्हीच वाचा. सगळ्या बायका जमल्या होत्या, सुपरवायझर होता, काका होते. मी मोठ्याने वाचलं. सोळा मे रोजी नवसाबाई यांची चूक नव्हती. हात आत गेल्यावर प्रेस थांबणं ही सहा वर्षांची रीत होती. थांबवणारा प्रोग्रॅम मी न समजून काढला होता, त्यामुळे प्रेस थांबला नाही. चूक माझी आहे. खाली माझं नाव, माझी सही.

मला वाटलं ती रागावेल, आणि रागवावं असंच वाटत होतं. नवसाबाईने आकडी काखेत धरली, आपला उजवा हात समोर घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट बघितलं.

"म्हंजे माझं नव्हतं चुकलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नव्हतं. तिने कागद माझ्याकडून घेतला, घडी घालून चोळीत ठेवला आणि चार पावलं पुढे होऊन कामाला लागली.